पळून गेल्याने पुरावा पुसला जात नाही

'दारूच्या नशेत कुणाला उडवले, तर सकाळपर्यंत लपून राहावे. नशा उतरली की शिक्षा हलकी होते', हा समज वर्षानुवर्षे पसरलेला असून तो घातक आहे. रक्तातील मद्य दर 100 मिलिलिटरमागे ताशी सुमारे 15 मिलिग्रॅम या गतीने घटत असल्याने काही तासांनी घेतलेल्या नमुन्यावरूनही अपघातसमयीच्या प्रमाणाचा अंदाज बांधता येतो. शिवाय बारचे बिल, कॅमेऱ्यातील दृश्ये, रस्त्यावर सांडलेले हेडलाइटचे तुकडे असतातच. अनेक देशांत पळून जाणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. रक्तस्रावाने तडफडणाऱ्या जखमीच्या हातची मोलाची मिनिटे पळणारा हिरावून घेतो, म्हणूनच त्याची शिक्षा मद्यपी चालकाच्या शिक्षेपेक्षा कमी नसावी, ही मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.