हाफ स्क्वेअर की क्वार्टर स्क्वेअर? आधी कापडाचा धागा पाहा

क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसाठी, कापलेले हाफ स्क्वेअर आणि क्वार्टर स्क्वेअर ट्रँगल शेजारी ठेवले तर ओळखू येत नाहीत. दोन्ही काटकोनी, दोन्हींच्या आखूड बाजू सारख्या. फरक धाग्यात आहे. चौकोन एका कर्णावर कापला की दोन हाफ स्क्वेअर मिळतात. त्यांची लांब बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी, आखूड बाजू सरळ धाग्यावर. दोन्ही कर्णांवर कापला की चार क्वार्टर स्क्वेअर मिळतात आणि सगळं उलटतं: लांब बाजू सरळ, आखूड बाजू उरेब.

उरेब कड हाताळतानाच ताणली जाते, इस्त्री घासली तर आणखी. म्हणून बाहेरच्या कडेला सरळ धागा हवा, उरेब शिवणीत बंद व्हावा.

फ्रेंडशिप स्टार आणि ओहायो स्टार हे चांदणीचे दोन ब्लॉक (क्विल्टचे नक्षीदार चौकोन) घ्या. दोन्ही नऊ घरांचे. पहिल्यात चार घरं हाफ स्क्वेअरची, दुसऱ्यात चार क्वार्टर स्क्वेअरची. तयार घर ३ इंचांचं हवं आणि माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंच धरली, तर हाफ स्क्वेअरसाठी ७/८ इंच वाढवून ३ ७/८ इंचांचे चौकोन कापतात, क्वार्टर स्क्वेअरसाठी सव्वा इंच वाढवून ४ १/४ इंचांचे. हे आकडे अदलाबदल झाले की चांदणी जुळत नाही.

हाफ स्क्वेअर युनिटसाठी, म्हणजे दोन त्रिकोण जोडून झालेल्या घरासाठी, दोन रंगांचे चौकोन सुलट बाजू आत करून ठेवा, कर्ण आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर शिवा, मग रेषेवर कापा. दोन युनिट तयार. शिवण आधी आणि काप नंतर, म्हणून उरेब कड मोकळी राहतच नाही. सुटे त्रिकोण कापून जोडण्यापेक्षा मला हीच पद्धत कितीतरी पटीने बरी वाटते. क्वार्टर स्क्वेअरसाठी अशीच दोन युनिट समोरासमोर विरुद्ध रंग येतील अशी ठेवून, शिवणीला छेद देणाऱ्या कर्णावर पुन्हा तेच करायचं. चौकोन थोडे मोठे घेऊन शेवटी साडेतीन इंचांना (३ इंच आणि दोन्हीकडची माया) छाटले तर टोकं नेमकी येतात. छाटताना पट्टीची ४५ अंशांची रेघ शिवणीवर ठेवा. क्वार्टर स्क्वेअरमध्ये मध्यबिंदू दोन्ही कडांपासून पावणेदोन इंचांवर हवा.

सर्वात महागात पडणारा गोंधळ मात्र ब्लॉक तिरके मांडलेल्या क्विल्टमध्ये होतो. कडेच्या रिकाम्या जागा भरायला क्वार्टर स्क्वेअर लागतात, कारण त्यांची लांब बाजू क्विल्टची बाहेरची कड होते. चार कोपऱ्यांना हाफ स्क्वेअर, कारण तिथे आखूड बाजू बाहेर येतात. तयार १२ इंचांच्या ब्लॉकला कडेसाठी १८ १/४ इंचांचा चौकोन चार भागांत कापा, कोपऱ्यांसाठी ९ ३/८ इंचांचे दोन चौकोन प्रत्येकी दोन भागांत. कडेला चुकून हाफ स्क्वेअर लावले तर तिथे सगळीकडे उरेब येतो, बॉर्डर जोडताना कड लाटांसारखी होते आणि इस्त्रीने ती बसत नाही.