बार्शी लाइट रेल्वेची सुरुवातीची वाफेची इंजिने

बार्शी लाइट रेल्वे : कुर्डुवाडीहून एका अंगाने बार्शी, येडशीमार्गे लातूरपर्यंत आणि दुसऱ्या अंगाने पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेलेला, २ फूट ६ इंच (७६२ मिमी.) रुंदीचा लोहमार्ग. पूर्ण विस्तारानंतर त्याची लांबी सु. ३२५ किमी. होती. नाव बार्शीचे असले आणि कारभार कुर्डुवाडीतून चालत असला, तरी येडशी ते लातूर हा त्याचा पूर्वेकडील भाग मराठवाड्यात, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात होता. प्रस्तुत नोंदीत या मार्गावरील पहिल्या पिढीच्या वाफेच्या इंजिनांचा आणि ती ज्या तत्त्वावर बांधली गेली त्याचा विचार केला आहे.

या मार्गाचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या (जीआयपी) नोकरीत तो १८८२ मध्ये हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गापासून दूर पडलेल्या बाजारपेठांना स्वस्तातले फाटे जोडून द्यावेत, ही कल्पना त्याने येथेच धरली. बार्शी ही कापसाची मोठी पेठ होती, पण मुंबई-मद्रास मार्ग तिला पस्तीसेक किलोमीटरवरून टाळून गेला होता. सगळा माल बैलगाड्यांनी ‘बार्शी रोड’ स्थानकावर (आताचे कुर्डुवाडी) यायचा. सरकारशी वाटाघाटी बरीच वर्षे रेंगाळल्या. अखेर १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनीची नोंदणी झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाउन हा पहिला टप्पा वाहतुकीस खुला झाला. काही ठिकाणी रेल्वेच्या आरंभाचे वर्ष १८९५ असे दिलेले आढळते. ते कंपनीचे वर्ष आहे, गाडीचे नव्हे. इंजिनांच्या इतिहासासाठी या दोन सालांमधला काळच महत्त्वाचा, कारण इंजिने तयार होऊन त्यांची चाचणी झाली ती याच मधल्या काळात.

ही हिंदुस्थानातील पहिली नॅरो गेज रेल्वे, असे विधान अधूनमधून केले जाते. ते ग्राह्य धरता येत नाही. बडोदे संस्थानातील डभोईचा याच रुंदीचा मार्ग १८६२ मध्ये बैलांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी सुरू झाला आणि १८७३ पासून त्यावर वाफेची इंजिने आली; दार्जिलिंगचा २ फुटी मार्गही १८८१ चा आहे. बार्शीचे वेगळेपण रुंदीत शोधणे मुळात चुकीचे वाटते. ते आहे आसभारात.

आसभार म्हणजे एका आसावरून, म्हणजे चाकांच्या एका जोडीवरून, रुळांवर पडणारे वजन. त्या काळच्या बहुतेक लहान रेल्वेंवर इंजिन जड आणि डबे हलके असत. रूळ, स्लिपर आणि पूल मात्र सर्वांत जड आसाला पेलतील असे घालावे लागत. म्हणजे दिवसातून मोजक्या वेळा जाणाऱ्या इंजिनासाठी सबंध मार्ग महाग होई, आणि डब्यांच्या बाबतीत त्यातली बरीच ताकद वाया जाई. कॅलथ्रॉपने हिशेब उलटा मांडला. आधी स्वस्त रूळ ठरवला, दर यार्डाला ३० पौंड (मीटरला सु. १५ किग्रॅ.) वजनाचा, मुख्य मार्गांवरचे रूळ याच्या दुपटीहून जड असत. या रुळाला झेपेल असा ५ टनांचा आसभार त्याने निश्चित केला आणि इंजिन असो, मालडबा असो की उतारूंचा डबा असो, कोणताच आस ही मर्यादा ओलांडणार नाही, पण भरलेला मालडबा तिच्या जवळ मात्र पोहोचेल, असे सगळे सामान बांधून घेतले. लीड्स फोर्ज कंपनीने मालडब्यांचे सांगाडे दाबीव पोलादाचे, एकाच २५ फूट मापाचे केले. सांगाडा हलका, म्हणून माल जास्त. चार आसांचा डबा मालासकट २० टनांपर्यंत जाऊ शकत होता. तुलनेसाठी सांगायचे तर, एप्रिल २०१६ च्या टंचाईत मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, तेव्हा ब्रॉड गेजच्या एका टँकरमध्ये ५० हजार लिटर, म्हणजे नुसते पाणीच ५० टन होते.

आता इंजिन. आसावर ५ टनांहून जास्त वजन नको आणि ओढण्याची ताकद तर हवी, ही अडचण आस वाढवूनच सुटण्यासारखी होती. चाक रुळावर न घसरता किती ओढेल हे चालक चाकांवर, म्हणजे वाफेच्या जोराने फिरणाऱ्या चाकांवर, पडणाऱ्या वजनावर ठरते. पाच टनांचे चार आस एकमेकांना दांड्यांनी जोडले की ओढीच्या कामी येणारे वजन २० टन होते. बाष्पित्राचा (बॉयलरचा) मागचा भाग, ड्रायव्हर-फायरमनची केबिन आणि कोळशाचा साठा यांचे वजन उरते. ते मागच्या बोगीवर, म्हणजे इंजिनाखालच्या चार मोकळ्या चाकांच्या सांगाड्यावर, टाकायचे. अशा रीतीने पुढे मोकळे चाक नाही, मध्ये जोडलेली आठ चाके आणि मागे चार, ही ०-८-४ मांडणी सिद्ध झाली. सहा आसांच्या हिशेबाने इंजिनाचे एकूण वजन ३० टनांच्या आत राहते. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर असल्याने ही ‘टँक’ इंजिने होत. त्यांना वेगळा टेंडर, म्हणजे मागे जोडायचा पाण्या-कोळशाचा डबा, नव्हता. या रचनेत एक उणीव असतेच. वाटेत पाणी संपत जाते तसा टाक्यांचा भार कमी होतो आणि चाकांची पकड सैल होते, नेमकी चढावर ती हवी असते तेव्हा.

‘अ’ वर्गाची ही पाच इंजिने लीड्सच्या किटसन कंपनीने बांधली. त्यांचे श्रेय कोणाचे यावर मतभेद दिसतो. रेल्वेच्या इतिहासकारांपैकी काहीजण आराखडा सर्वस्वी कॅलथ्रॉपचा मानतात. दुसरा पक्ष म्हणतो की आसभार, रुंदी, वळणे या अटी त्याच्या, पण बाष्पित्र, सिलिंडर, चौकट यांचे तपशील कारखान्याच्या आरेखन विभागाचे असणार. ग्राहकाच्या सल्लागार अभियंत्याने अटी घालायच्या आणि कारखान्याने त्या कागदावर उतरवायच्या, ही त्या काळातील सर्वसाधारण रीत पाहता दुसरे मत अधिक स्वाभाविक वाटते. अर्थात, चाकांची मांडणी आसभाराच्या तत्त्वातूनच निघत असल्याने इंजिनाचा गाभा कॅलथ्रॉपचा म्हणण्यास हरकत नाही.

जहाजावर चढवण्यापूर्वी इंजिन व डबे यांची चाचणी लीड्सजवळील न्यूले येथे १८९६ मध्ये घेण्यात आली. त्यासाठी मुद्दाम रूळ टाकून तीव्र वळणे आणि चढ तयार केले होते. ते एक प्रकारचे प्रदर्शनच होते. गिऱ्हाइके मिळवणे हाही त्यामागचा हेतू असावा. कॅलथ्रॉपचा एक आवडता मुद्दा लष्करी उपयोगाचा होता: सर्वत्र एकच रुंदी व एकच आसभार ठेवला, तर युद्धप्रसंगी सामान एका मार्गावरून उचलून दुसऱ्यावर नेता येईल. पुढे त्याने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे (१९०४) याच रुंदीची उभारली. तिची २-६-४ टँक इंजिनेही किटसनचीच. त्यांच्या तोंडावर बसवलेले भले मोठे दिवे पाहून इंग्रज उतारूंना नवल वाटे. इंग्लंडच्या कुंपण घातलेल्या मार्गावर त्यांचे काम नव्हते, ती सवय हिंदुस्थानातली. उतारवयात हा मनुष्य विमानातून उडी घेण्याच्या हवाई छत्र्या बनवू लागला, हे येथे जाता जाता.

पंढरपूर फाटा १९०६ मध्ये सुरू झाला आणि आषाढी-कार्तिकीच्या गर्दीने या रेल्वेला उतारूंचे मोठे उत्पन्न दिले. पूर्वेकडे बार्शीहून तडवळ्यापर्यंत १९०७ च्या सुमारास व तेथून लातूरपर्यंत १९११ च्या सुमारास रूळ पोहोचले. इंजिनांच्या दृष्टीने सगळ्या मार्गातला अवघड भाग हाच. पांगरी सोडली की बालाघाटाची चढण सुरू होते आणि येडशीला गाडी पठारावर येते. पुढे कळंब रोड, ढोकी, मुरूड, हरंगुळ असा बराचसा सपाट प्रदेश आहे. घाटात जोडलेल्या आठ चाकांचा खरा उपयोग होई. रूळ दवाने वा पावसाने ओले असले की चाके जागच्या जागी गरगरतात, तेव्हा ड्रायव्हर वाफ कमी करतो आणि नळीतून चाकांपुढे वाळू सोडतो. ही सर्वच वाफेच्या इंजिनांची रीत, हलक्या आसभाराच्या इंजिनांना तिची गरज जास्त.

मराठवाड्यात तोवर रेल्वे आली होती ती उत्तरेकडून, मनमाड-औरंगाबाद-परभणी या निजामाच्या मीटर गेजवरून. लातूरचा ओढा मात्र मुंबईच्या बाजारपेठेकडे, आणि त्याला जवळची वाट बार्शी लाइटचीच. लातूरची कडधान्ये, तेलबिया, कापूस हा सगळा माल कुर्डुवाडीला हमालांच्या पाठीवरून ब्रॉड गेजच्या डब्यांत चढे. रुंदी बदलल्याने होणारा हा खर्च नॅरो गेजविरुद्धचा मुख्य आक्षेप होता. कॅलथ्रॉपचे उत्तर असे की मार्ग बांधण्यात वाचलेल्या रकमेच्या व्याजापुढे हमाली किरकोळ आहे. लातूरची पेठ लहान असेपर्यंत हे खरे होते. माल वाढला तसे ते लंगडे पडत गेले.

मिरज फाटा १९२७ मध्ये पुरा झाला. त्या सुमारास स्वतंत्र टेंडर असलेली २-८-२ मांडणीची इंजिने आली. जोडलेली चाके आठच राहिली, पुढे-मागे मोकळ्या चाकांची एकेक जोडी आली, आणि लांब पल्ल्याला लागणारे पाणी व कोळसा टेंडरवर गेल्यामुळे चालक चाकांवरचा भार वाटेत बदलेनासा झाला. ०-८-४ ची मांडणी पुढे चालली नाही. १ जानेवारी १९५४ रोजी ही कंपनी सरकारने घेतली व मार्ग मध्य रेल्वेत गेला. वाफेनंतर डिझेल इंजिने आली.

ब्रॉड गेजचे रूपांतर टप्प्याटप्प्याने झाले : कुर्डुवाडी-पंढरपूर २००२, लातूर-उस्मानाबाद २००७, उस्मानाबाद-कुर्डुवाडी २००८, पंढरपूर-मिरज २०१०. नव्या आखणीत मार्ग उस्मानाबाद (धाराशिव) शहराला वळवून घेतला. नॅरो गेजच्या काळात जिल्ह्याच्या या ठाण्याला रेल्वे नव्हती आणि गाडी धरायची तर उत्तरेला येडशीला जावे लागे.