विकसनशील देशांतील माहिती व संदेशवहन तंत्रज्ञान

दूरध्वनी, रेडिओ, दूरचित्रवाणी, संगणक, मोबाइल आणि इंटरनेट ही साधने कमी उत्पन्नाच्या देशांत कशी पोहोचली, कोणत्या कामाला आली आणि कुठे बंद पडून राहिली, याचा अभ्यास या विषयात होतो. साधने जगभर बहुतेक सारखीच आहेत. ती ज्यांच्या आधाराने चालतात त्या गोष्टी मात्र सारख्या नसतात : भरवशाची वीज, जवळपास दुरुस्ती करणारा माणूस, वाचता येईल अशी भाषा आणि दर महिन्याच्या खर्चाची सोय. यांपैकी एक जरी नसली तरी चांगले यंत्र वर्षभरात धूळ खात पडते. यंत्र बसवणे हा या कामाचा सोपा भाग. ते पाचव्या वर्षीही चालू असणे हा अवघड.

पूर्वपीठिका : भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी कार्यक्रम दाखवले गेले. त्यासाठी तारेच्या जाळीच्या, सुमारे ३ मीटर व्यासाच्या स्वस्त छत्र्या वापरल्या होत्या. १९८४ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नेमलेल्या मेटलंड आयोगाने नोंदवले, की एकट्या टोकियो शहरातील दूरध्वनी संपूर्ण आफ्रिका खंडातील दूरध्वनींपेक्षा जास्त आहेत. त्याच वर्षी भारतात सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने १२८ जोडण्यांचे ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज तयार केले. आयात एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. हे एक्स्चेंज उकाड्यात आणि धुळीत एसीशिवाय चाले. खेड्यात एसी चालवण्याइतकी वीज मिळणार नाही, हे आराखडा करतानाच धरले होते. या विषयातले ते आजही अनुकरणीय उदाहरण आहे.

घरोघरी फोन परवडत नव्हता तेव्हा तो वाटून वापरला गेला. भारतात एसटीडी बूथ आले. बांगलादेशात १९९७ पासून सूक्ष्मकर्ज देणाऱ्या ग्रामीण बँकेच्या कर्जदार स्त्रिया कर्जावर मोबाइल घेऊन गावकऱ्यांना मिनिटांच्या हिशोबाने कॉल विकू लागल्या. पुढे मोबाइल सर्वदूर पसरला त्यात प्रीपेडचा वाटा फार मोठा आहे. ज्याची कमाई रोजची, त्याला महिन्याचे बिल झेपत नाही. छोट्या रकमेचा रिचार्ज झेपतो. ‘मिस्ड कॉल’ हा बिनपैशाचा निरोपही यातूनच रूढ झाला.

वीज : ग्रामीण इंटरनेट जोडण्या बंद पडण्याचे सर्वांत मोठे कारण संगणकीय बिघाड नसून वीज हे असते. वीज जाणे हा त्रासाचा एक भाग झाला. ती परत येताना दाबात होणारी उसळी आणि दीर्घकाळ कमी राहणारा दाब यांनी अडॅप्टर, पोर्ट आणि मदरबोर्ड जळतात. दाब अर्धवट असताना राउटर (इंटरनेट वाटणारी पेटी) अडखळत सुरू होतो, मेमरीत काहीतरी लिहायला घेतो आणि मध्येच बंद पडतो. साठवलेली प्रणाली बिघडते आणि पुन्हा चालूच होत नाही. दुरून पाहणाऱ्याला वाटते नेटवर्क गेले. प्रत्यक्षात पेटीतले मेमरी कार्ड खराब झालेले असते आणि ते बदलायला माणूस गावात जावा लागतो. म्हणून प्रणाली केवळ वाचता येईल, तिच्यात लिहिले जाणार नाही अशा स्थितीत ठेवणे, अडकल्यास आपोआप पुन्हा सुरू करणारा वॉचडॉग टायमर बसवणे आणि ठरावीक दाबाखाली पुरवठा तोडणारे यंत्र जोडणे या तीन गोष्टी सुरुवातीलाच कराव्यात.

सौर संचाचा हिशोब साधा आहे, पण तो कागदावर न करताच खरेदी होते. १० वॅटचा रेडिओ-राउटर दिवसरात्र चालला की २४० वॅट-तास लागतात. तीन दिवस ढगाळ गेले तरी चालावा म्हणून ७२० वॅट-तास साठा हवा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे १,४४० वॅट-तास, १२ व्होल्टला १२० अँपिअर-तास. दिवसाला चार तास पुरेसे ऊन आणि तीस टक्के गळती धरली तर पॅनेल सुमारे ८६ वॅटचे लागते. १०० वॅटचे घ्यावे. हा हिशोब मोडतो तो नंतर : गावातले मोबाइल चार्जिंगला लागतात, एखादा दिवा जोडला जातो. पावसाळ्यात बॅटरी जास्त उतरू न देणाऱ्या कंट्रोलरने ती तोडली, की कोणीतरी तारा थेट बॅटरीला लावतो. काही तास चालते, पण प्लेटांवर सल्फेट बसते आणि काही वर्षांची बॅटरी काही महिन्यांत संपते. चार्जिंगची गरज खरी असते, ती मनाई करून थांबत नाही. त्यासाठी वेगळे पॅनेल देणेच बरे.

दूरचे वाय-फाय : तार टाकणे न परवडणाऱ्या डोंगराळ भागात दिशादर्शी अँटेना लावून वाय-फाय कित्येक किलोमीटर नेता येते. नेपाळमध्ये महाबीर पुन यांनी म्याग्दी जिल्ह्यातील नांगी गावापासून असे जाळे उभारले. त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तमिळनाडूत थेनी येथे अरविंद नेत्र रुग्णालयातील डॉक्टर अशा दुव्यांवरून खेड्यातल्या केंद्रांतील रुग्णांशी व्हिडिओवर बोलत. दोन टोके एकमेकांना दिसली म्हणजे झाले, असे नाही. २.४ गिगाहर्ट्झवर १० किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर लहरीभोवतीच्या पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (लहर जाण्यासाठी मोकळा लागणाऱ्या पट्ट्याची) त्रिज्या सुमारे १७.७ मीटर असते. तिचा ६० टक्के भाग, म्हणजे साडेदहा मीटर, मोकळा हवा, शिवाय पृथ्वीच्या वक्रतेसाठी दीडेक मीटर. उन्हाळ्यात उत्तम चाललेला दुवा पावसाळ्यानंतर ढेपाळतो, तो पुष्कळदा मधल्या झाडाला पालवी फुटल्याने. दुसरी चूक पोचपावतीच्या मुदतीची, म्हणजे पाठवलेले पोचल्याची खूण परत येईपर्यंत यंत्र किती वेळ थांबते त्याची. १५ किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला १०० मायक्रोसेकंद लागतात; यंत्रात मुदत जवळच्या अंतराची राहिली तर ते पोचलेलेच माहितीचे पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहते.

लिपी : एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत सामान्यतः ७०. त्यातही प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजला जातो : ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर, पण संदेशात सहा. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्यात ६७ च खुणा उरतात. १६० खुणांच्या सूचनेला तीन संदेशांचे पैसे पडतात. रोमन मजकुरात एक देवनागरी अक्षर शिरले तरी सगळा संदेश महाग होतो. पीकसल्ला किंवा लसीकरणाची आठवण पाठवणाऱ्या योजना म्हणून रोमन लिपीकडे वळतात, आणि ज्यांच्यासाठी संदेश असतो त्यांनाच तो वाचता येत नाही. अशा ठिकाणी ध्वनिसंदेश अधिक उपयोगी. पुदुच्चेरीजवळच्या वीरमपट्टिणम् या मच्छिमार गावात लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घेत आणि ध्वनिवर्धकावरून किनाऱ्यावर ऐकवत. संगणक एक आणि उपयोग सगळ्या गावाला.

मोबाइल पैसा : केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने मार्च २००७ मध्ये एम-पेसा ही फोनवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू केली. आधीच्या चाचणीचा हेतू सूक्ष्मकर्जाचे हप्ते भरणे हा होता. लोकांनी ती एकमेकांना पैसे पाठवायला वापरली आणि सेवेची दिशाच बदलली. सिममधल्या मेनूवर चालत असल्याने साधा फोन पुरतो. खरा कणा एजंटाचा, म्हणजे पैसे भरून घेणाऱ्या आणि काढून देणाऱ्या दुकानदाराचा. त्याच्याकडे रोख आणि इलेक्ट्रॉनिक शिल्लक दोन्ही लागतात. शहरात लोक पैसे भरतात, म्हणून त्याची इलेक्ट्रॉनिक शिल्लक संपते. गावात लोक पैसे काढतात, म्हणून रोख संपते. गावातल्या एजंटाला रोकड आणायला बँक गाठावी लागते, तेवढा वेळ दुकान बंद. दोनदा येऊन रिकाम्या हाताने गेलेला ग्राहक सेवेवरच अविश्वास धरतो.

बाजारभाव : केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाइल आला तेव्हा तारलीच्या भावांचा अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी अभ्यास केला. मच्छिमार समुद्रातूनच भाव विचारून बंदर निवडू लागले. बंदराबंदरांतील भावांचा फरक घटला, फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ थांबली, नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि ग्राहकाचा भाव ४ टक्के उतरला. मात्र हे सगळीकडे घडेल असे मानणे चूक आहे. मासळी नाशवंत, बंदरे जवळजवळ आणि विकणाऱ्याला कुठेही विकण्याची मोकळीक, हे तिन्ही तिथे होते. व्यापाऱ्याच्या कर्जात अडकलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या बाजाराचा भाव कळून फारसा फायदा नसतो.

अपयश : या विषयाचे संशोधक रिचर्ड हीक्स यांच्या २००३ च्या ढोबळ अंदाजानुसार विकसनशील देशांतील ई-प्रशासन प्रकल्पांपैकी ३५ टक्के पूर्ण फसले, ५० टक्के अंशतः, १५ टक्के यशस्वी झाले. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेने १०० डॉलरचे यंत्र देऊ म्हटले. २००७ मध्ये किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली. पेरूमध्ये लाखो यंत्रे वाटल्यावर २०१२ च्या मूल्यमापनात गणित आणि भाषेत प्रगतीचा पुरावा मिळाला नाही; बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारी अपुरी होती. याउलट वारणेच्या सहकारी साखर पट्ट्यात १९९८ पासून गावोगाव संगणककेंद्रे होती. शेतकऱ्याला मुख्यतः उसाचे वजन आणि बिलाची माहिती हवी असते, हे पुढे दिसले आणि २००६-०७ मध्ये काही गावांत तेच काम एसएमएसवर स्वस्तात करून पाहिले गेले. अनुदान मागताना यंत्रांच्या किमतीइतकीच तरतूद तीन वर्षांच्या दुरुस्ती, सुटे भाग आणि पगारासाठी मागावी; देणारे सहसा पहिल्यालाच तयार असतात.

जोडणी : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ मधील अंदाजानुसार जगात सुमारे २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते, कमी उत्पन्नाच्या देशांत २७ टक्केच लोक ते वापरत होते. २००९ मध्ये सीकॉम ही समुद्राखालची केबल येईपर्यंत पूर्व आफ्रिका उपग्रहांवर अवलंबून होती. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. विचारणा आणि उत्तर यांतच जवळपास अर्धा सेकंद जातो. नैरोबीतील दोन सेवादारांच्या ग्राहकांतला ईमेलही परदेशातून फिरून येई. तो शहरातच फिरावा म्हणून २००० साली सेवादारांना आपसात जोडणारा एक्स्चेंज पॉइंट सुरू झाला. नियामकाने तो बंद पाडला, आणि २००२ मध्ये तो परत उघडला. केबल आल्या तरी त्या एकाच मार्गाने गेल्या की धोका राहतोच : १४ मार्च २०२४ रोजी आयव्हरी कोस्टच्या अबिजानजवळ चार केबल एकाच वेळी तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेतील अनेक देशांचा संपर्क विस्कळीत झाला.