मॉनिटर विझला, काका आतच राहिले

इंदूरच्या आमच्या वसाहतीत एक लहानसं मराठी वाचनालय आहे. वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, भिंतीला लागून पाच कपाटं आणि खिडकीपाशी सभासदांसाठी ठेवलेला एक कॉम्प्युटर. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी कॉलेजात जाणारी एक मुलगी टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, कुणाची तरी मेल उघडीच आहे. मी काही वाचलं नाही, पण पेन्शनचं काहीतरी दिसतंय." मेल आमच्या एका ज्येष्ठ सभासदांची निघाली. फोन केला, तर काका पार गोंधळले. "अरे, मी स्वतःच्या हाताने बंद करून गेलो होतो. दिवासुद्धा विझला होता!"

दिवा विझला होता हे खरंच. तो मॉनिटरचा दिवा होता.

हा समज फार जणांचा आहे. पडदा काळा झाला की यंत्र झोपलं, असं आपण टीव्हीवरून शिकलो. पण मॉनिटर म्हणजे खिडकी; ती लावून घेतली म्हणून घरातली माणसं बाहेर जात नाहीत. मला मात्र त्या दिवशी दुसरीच गोष्ट टोचली. काकांनी कॉम्प्युटरमधून व्यवस्थित 'लॉग आउट' केलं असतं, तरीही त्यांची मेल त्या मुलीला दिसली असती! कारण आमच्याकडे सगळ्यांसाठी खातं एकच, त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला, आणि तोही टाइप करायला नको म्हणून कुणीतरी 'ऑटो लॉगिन' चालू करून ठेवलेलं. मेलच्या साइटने काकांना ओळखल्याची खूण, म्हणजे कुकी, ब्राउझर त्या खात्याच्या होम फोल्डरमधल्या, म्हणजे खात्याच्या स्वतःच्या फाइलींच्या जागेतल्या, एका फाइलीत लिहून ठेवतो. लॉग आउट केल्यावर ब्राउझर बंद होतो, फाइल तिथेच राहते. पुढचा माणूस त्याच खात्यातून आत येतो आणि ती फाइल त्याची होते.

हे असं का होतं ते कळायला कॉम्प्युटर माणसाला कसा ओळखतो ते पाहायला हवं. आमच्या त्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट नावाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार पाहणारी प्रणाली, आहे. मी टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करायची खिडकी, उघडून 'आयडी' असा आदेश दिला. उत्तर आलं: १०००. लिनक्समध्ये माणसासाठी पहिलं खातं उघडलं की बहुधा हाच आकडा मिळतो, दुसऱ्याला १००१, असं पुढे. प्रत्येक फाइलीवर तिच्या मालकाचा आकडा असतो आणि प्रत्येक चालू प्रोग्रॅमवरही एक आकडा असतो. प्रोग्रॅमने फाइल मागितली की ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो हे दोन आकडे ताडून पाहतो. जुळले तर फाइल मिळते. खुर्चीत कोण बसलंय ते त्याला कधीच दिसत नाही. विंडोजमध्ये आकड्याऐवजी 'एस-१-५-२१'ने सुरू होणारी लांबलचक खूण असते, पण तत्त्व तेच. अहिल्याबाईंच्या काळी होळकर दरबाराच्या हुकमांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असं लिहीत. ज्या अंमलदाराच्या हाती तो कागद पडे, त्याला महेश्वरात जाऊन कुणाचा चेहरा पाहावा लागत नसे. कागदावरची खूण पुरे. कर्नलचा कारभार असाच चालतो. आणि आमच्या वाचनालयात काका, ती मुलगी आणि मी, तिघांवर एकच खूण होती: १०००.

आता मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट. हा आकडा आपल्याला चिकटतो कसा?

यंत्र सुरू झालं की कर्नल पहिला प्रोग्रॅम चालू करतो आणि त्याचा मालक-आकडा असतो ०. शून्य म्हणजे 'रूट', सर्वाधिकारी. त्याला कुठलीही फाइल वाचता येते, कुणाचंही खातं मिटवता येतं. त्या प्रोग्रॅमपासून बाकीचे जन्माला येतात आणि जन्मदात्याचा आकडा घेऊनच येतात. नाव आणि पासवर्ड विचारणाऱ्या पडद्यामागचा प्रोग्रॅमही शून्यवालाच असतो; मिंटमध्ये त्याचं नाव 'लाइटडीएम'. त्याला सर्वाधिकार लागतात, कारण पासवर्डची पडताळणी ज्या 'शॅडो' नावाच्या फाइलीवरून होते ती सामान्य खात्याला वाचता येत नाही. त्या फाइलीतही पासवर्ड नसतोच. पासवर्ड दळून केलेलं पीठ असतं. दाण्याचं पीठ होतं, पिठाचा दाणा होत नाही. तुम्ही टाइप केलेलं पुन्हा तसंच दळायचं आणि दोन पिठं ताडायची. ही कल्पना कितीही सुंदर असली तरी दाणाच हलका असेल तर उपयोग नाही. १९७९ साली युनिक्स या लिनक्सच्या पूर्वज प्रणालीवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले, तर २,८३१ सहज ओळखता येतील असे निघाले.

समजा, पासवर्ड बरोबर आला. आता पेच पाहा. समोर उभा आहे शून्यवाला प्रोग्रॅम आणि त्याला चालू करून द्यायचाय तुमचा डेस्कटॉप. तो शून्य घेऊनच चालू झाला, तर तुमचा ब्राउझर सर्वाधिकारी झाला. एखाद्या फसव्या साइटने त्याला वळवलं की अख्खं यंत्र गेलं. म्हणून लॉगिनचा प्रोग्रॅम स्वतःची एक प्रत काढतो आणि ती प्रत स्वतःचे अधिकार टाकून देते. पायऱ्या तीन. (खात्यांचे गटही असतात, आणि गटाला मिळालेले अधिकार त्यातल्या सगळ्या खात्यांना मिळतात.) आधी 'हे माणूस ज्या गटांत आहे ते गट मला लाव', मग 'माझा मुख्य गट बदल', आणि सर्वांत शेवटी 'सेटयूआयडी', म्हणजे 'माझा आकडा १००१ कर'. हा क्रम उलटवून चालत नाही. आकडा आधी बदलला तर प्रोग्रॅम त्याच क्षणी सामान्य होतो, आणि गट बदलण्याचा अधिकार सामान्याला नाही. मग सर्वाधिकाऱ्याचे गट अंगाला चिकटलेले राहतात.

आणि परतीची वाट नाही. खरं तर प्रत्येक प्रोग्रॅमवर एक नव्हे, तीन आकडे असतात: खरा, चालू आणि राखून ठेवलेला. काही प्रोग्रॅम 'चालू' आकडा तात्पुरता खाली उतरवतात आणि राखीव आकड्यावरून पुन्हा वर चढतात. पण शून्यवाल्याने 'सेटयूआयडी' म्हटलं की तिन्ही एकदम बदलतात, वर चढायला शिडीच उरत नाही. त्यानंतर ती प्रत तुमचा डेस्कटॉप बनते आणि त्यातून उघडलेला ब्राउझर, पीडीएफ, गाणी, सगळे तोच आकडा वारशाने घेतात. यंत्रातला सर्वांत बलवान प्रोग्रॅम दर लॉगिनला आपल्याच प्रतीकडून सगळं बळ सोडवून घेतो, ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, दर वेळी तितकाच आनंद होतो.

हा त्याग फसला तर काय होतं? २०१० च्या सुमारास अँड्रॉइड फोनवर नेमकं हेच झालं. कॉम्प्युटरला जोडल्यावर फोनमध्ये एक मदतनीस प्रोग्रॅम शून्य आकड्याने सुरू व्हायचा आणि 'सेटयूआयडी' करून सामान्य व्हायचा. एका आकड्याच्या नावावर किती प्रोग्रॅम चालावेत याला मर्यादा असते. हल्लेखोरांनी त्या सामान्य आकड्याचा कोटा आधीच भरून टाकला, मग मदतनीस पुन्हा सुरू करवला. जागा नाही म्हणून कर्नलने आकडा बदलायला नकार दिला. मदतनिसाने उत्तर तपासलंच नाही आणि शून्य अंगावर घेऊनच पुढे चालू लागला. फोन हल्लेखोराच्या ताब्यात! अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच. २०११ मध्ये लिनक्सच्या ३.१ आवृत्तीत कर्नलने या नकाराची जागाच बदलली: तो आकडा बदलताना न देता पुढे नवा प्रोग्रॅम चालू करताना द्यायचा.

उलटा प्रवासही कधी लागतो. स्वतःचा पासवर्ड बदलताना सामान्य माणसाला त्या 'शॅडो' फाइलीत लिहावं लागतं. त्यासाठी एखाद्या ठरावीक प्रोग्रॅमवर अशी खूण करता येते की तो कुणीही चालवला तरी त्या प्रोग्रॅमच्या मालकाच्या, म्हणजे इथे शून्याच्या, अधिकाराने चालेल. ही युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, डेनिस रिची यांची युक्ती. तिचा पेटंट अर्ज १९७३ चा आणि पेटंट मिळालं १९७९ मध्ये.

लॉगिन झाल्यापासून लॉग आउट होईपर्यंतचा काळ म्हणजे सत्र. लिनक्सवर 'लॉगिनडी' नावाचा प्रोग्रॅम त्याची वही ठेवतो: कुठलं सत्र, कुठला आकडा, कधीपासून. पडदा 'लॉक' केला तर सत्र जिवंतच असतं. दारावर फक्त पासवर्डचा पहारा बसतो आणि आत डाउनलोड चालू राहतं. मॉनिटर बंद केला तर पहारासुद्धा नाही. लॉग आउट केलं तरच त्या आकड्याचे प्रोग्रॅम आवरले जातात आणि मेमरीतली तात्पुरती जागा रिकामी होते.

इथे एक बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक संदेश येतो: एटीएममध्ये कार्ड घालण्याआधी 'कॅन्सल' दोनदा दाबा, पिन चोरीला जाणार नाही. खाली रिझर्व्ह बँकेचं नाव. दुसरा संदेश: पिन उलटा टाइप केला की पोलीस येतात. ज्याचा पिन १२२१ असेल त्याने काय करावं, हे कुणी विचारत नाही. दोन्ही खोटे आहेत. बटण दाबल्याने रक्षण होतं असं कुणी म्हणालं की विचारायचं: ते बटण कोण ऐकतो? या प्रश्नाला खरं उत्तर असलेलं एक उदाहरण आहे. १९९३ च्या विंडोज एनटीने लॉगिनआधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला लावलं. एखादा लबाड प्रोग्रॅम हुबेहूब लॉगिनचा पडदा दाखवून पासवर्ड हडप करू शकतो. पण त्या तीन कळा कर्नल स्वतः अडवतो, साध्या प्रोग्रॅमपर्यंत पोचूच देत नाही. त्या दाबल्यावर जो पडदा येतो तो अस्सलच. एटीएमच्या 'कॅन्सल'मागे असलं काहीही नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. ऑटो लॉगिन बंद, चिठ्ठी फाडली. टेबलावर बसणाऱ्या तिघा स्वयंसेवकांना तीन खाती, तीन आकडे. होम फोल्डर एकमेकांना वाचता येत नाहीत ना ते तपासलं. मिंट ज्या उबुंटूवर बेतलेलं आहे, त्या उबुंटूच्या कुटुंबात २०२१ च्या २१.०४ आवृत्तीपूर्वी ते सर्रास वाचता येत. सभासदांसाठी मिंटच्या 'लॉगिन विंडो' सेटिंगमध्ये पाहुण्यांचं सत्र चालू केलं. पाहुणा आत आला की त्याच्यासाठी त्या क्षणी नवं खातं बनतं, त्याचं होम फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतं, आणि लॉग आउट होताच खातं आणि फोल्डर दोन्ही पुसले जातात. कुकीही जाते. एक उणीव आहे: पाहुण्याला पासवर्ड नसतो, म्हणून लॉक करण्यात अर्थ नाही, आणि कुणी तसाच उठून गेला तर सत्र उघडं राहतं. 'लॉगिनडी' ज्या संचाचा भाग आहे त्या सिस्टिमडीच्या २०२२ मधल्या २५२ व्या आवृत्तीपासून रिकामं बसलेलं सत्र ठरावीक वेळाने संपवण्याची सोय आहे, पण रिकामेपणाची खबर डेस्कटॉपने द्यावी लागते. आमच्याकडे तूर्त स्वयंसेवकच नजर ठेवतो.

पहिल्या दिवशी काका मुद्दाम आले. पाहुणा म्हणून आत गेले, पेन्शनची पावती उतरवली, पेन ड्राइव्हवर घेतली, आणि मी सांगितलं तसं कोपऱ्यातल्या मेनूतून 'लॉग आउट' केलं. "आता खरंच बाहेर आलो का रे?" म्हणाले. मी माझ्या खात्यातून आत गेलो, त्यांना शेजारी बसवलं आणि मघाशी त्यांना मिळालेलं पाहुण्याचं नाव 'आयडी'च्या पुढे टाइप केलं. पडद्यावर एक ओळ आली: असा कुणी वापरकर्ता नाही.