ब्रेक ऑइलची डबी आणि इलेक्ट्रिक गाडी

पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं की चालकाच्या बाजूला, मागच्या पत्र्यालगत दुधी प्लास्टिकची एक डबी दिसते. तिच्यावर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा, आत फिकट पिवळं ब्रेक ऑइल. इलेक्ट्रिक गाडीतही ही डबी असते आणि दिसायलाही जवळपास तशीच असते. पण तिचं काम बरंच बदललं आहे, आणि गाडी विकताना हे कुणी सांगत नाही.

आधी तिचा आकार कसा ठरतो ते पाहू. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीतला) पिस्टन थोडा थोडा बाहेर येतो आणि त्याच्यामागे झालेली पोकळी डबीतलं ऑइल भरून काढतं. समजा पिस्टनचा व्यास 54 मिलिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 23 चौरस सेंटिमीटर. दोन्ही पॅडची आणि डिस्कची झीज मिळून तो 18 मिलिमीटर पुढे सरकला, तर एका चाकाने 41 मिलिलिटर ऑइल ओढून घेतलं. पुढच्या दोन चाकांचे 82, मागच्या लहान पिस्टनांचे पस्तीसेक. एकूण 120 मिलिलिटरच्या आसपास. अमेरिकेचा एफएमव्हीएसएस 135 हा नियम नेमकं हेच मागतो: सगळे पॅड कोरे असल्यापासून ते पूर्ण झिजून ब्रेक पूर्ण दाबला जाईपर्यंत जितकं ऑइल लागेल, किमान तितकं डबीत मावलं पाहिजे. शिवाय ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असल्यामुळे डबीत आडभिंत हवी. एका मार्गाची नळी फुटली तरी भिंतीपलीकडचं ऑइल दुसऱ्या मार्गासाठी शिल्लक राहतं.

इलेक्ट्रिक गाडीत रोजची बरीचशी ब्रेक लावण्याची कामगिरी मोटरच जनरेटर होऊन पार पाडते. पॅड वर्षानुवर्षं झिजत नाहीत. फोक्सवॅगनने आयडी.3 च्या मागच्या चाकांना चक्क ड्रम ब्रेक दिले, कारण क्वचित वापरल्या जाणाऱ्या उघड्या डिस्कवर गंज चढतो. मग डबी लहान करायला काय हरकत आहे? हरकत आहे. नियम पॅड किती वर्षांत झिजतात हे विचारत नाही, शेवटी किती झिजू शकतात हे विचारतो. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे.

पेट्रोल इंजिनाच्या निर्वातावर चालणारा, पायाचा जोर वाढवणारा ब्रेक बूस्टर इलेक्ट्रिक गाडीत चालवायचा तर वेगळा पंप लावावा लागतो. म्हणून बूस्टर, पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा मास्टर सिलिंडर आणि चाकं जाम होऊ न देणारी एबीएस एकाच ठोकळ्यात बसवणाऱ्या विद्युत-हायड्रॉलिक यंत्रणा आल्या. कॉन्टिनेंटलची एमके सी1 ही 2016 मध्ये अल्फा रोमिओ जुलिया या पेट्रोल-डिझेल गाडीतून आली आणि आता इलेक्ट्रिक गाड्यांना असेच ठोकळे सोयीचे ठरले आहेत. यात तुम्ही पेडल दाबता तेव्हा तुमच्या पायाखालचं ऑइल चाकांकडे जात नाही. ते पायाला ओळखीचा जोर जाणवून देणाऱ्या एका स्प्रिंगयुक्त कप्प्यात जातं. चाकांवरचा दाब विजेच्या मोटरने ढकललेला दट्ट्या तयार करतो.

इथे डबीचं काम वाढतं. जुन्या एबीएसमध्ये चाकांकडून सोडलेलं ऑइल बंद मार्गात पंपाने परत फिरवलं जायचं. नव्या ठोकळ्यांपैकी अनेकांत ते थेट डबीत परत येतं. दट्ट्याची धाव संपत आली की तो मागे येऊन डबीतूनच नवं ऑइल ओढतो. ओल्या रस्त्यावर एबीएस चालू असताना डबीत एका बाजूने ऑइल वेगाने येतं आणि दुसरीकडून ओढलं जातं. परत येणाऱ्या धारेने फेस झाला आणि एखादा बुडबुडा दट्ट्यात शिरला, तर दाबाऐवजी हवाच आवळली जाईल. म्हणून धार पातळीच्या खाली सोडायची, तिच्या आणि दट्ट्या जिथून ऑइल ओढतो त्या तोंडाच्या मध्ये आडभिंती घालायच्या, ऑइल ओढण्याचा मार्ग रुंद आणि आखूड ठेवायचा. दट्ट्याकडे ऑइल ढकलणारा दाब फक्त हवेचा असतो, त्यामुळे थंडीत ऑइल घट्ट होऊन चालत नाही. आयएसओ 4925 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या वर्ग 6 मधल्या पातळ ऑइलचा घट्टपणा उणे 40 अंशांनाही 750 चौरस मिलिमीटर प्रति सेकंदाच्या आत राहतो. नेहमीच्या डॉट 4 प्रकारच्या ब्रेक ऑइलला 1,800 पर्यंत मुभा आहे.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो तो कलण्याचा प्रश्न. गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या मंदनाने थांबत असेल, तर डबीतल्या ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांत कलतो. सगळं ऑइल पुढच्या भिंतीवर चढतं. नेमकी हीच वेळ दट्ट्याला ऑइल हवं असण्याची. ऑइल ओढण्याचं तोंड मागच्या कोपऱ्यात ठेवणारा आराखडा कागदावर कितीही नेटका असो, रस्त्यावर घातक ठरेल. उतारावर रिव्हर्समध्ये ब्रेक लावला की हेच उलट. आणि पातळी उतरली की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लावणारा, लोहचुंबक बसवलेला तरंगता फ्लोट शक्य तितका मध्यावर हवा, कारण पृष्ठभाग कलला तरी मध्यावरची पातळी फारशी बदलत नाही. नाहीतर प्रत्येक जोरदार ब्रेकला लाल दिवा लागेल.

त्या फ्लोटचा अर्थही पालटला आहे. पेट्रोल गाडीत पातळी हळूहळू उतरली तर बहुधा पॅड झिजलेले असतात. इलेक्ट्रिक गाडीत पॅड झिजतच नसतील, तर दिवा लागला की आधी गळती शोधायला हवी. नुसतं ऑइल भरून गाडी परत देणं हा निष्काळजीपणा आहे.

पातळी तशीच राहिली म्हणजे ऑइल तसंच राहिलं, असं मात्र नाही. ग्लायकॉल इथरचं हे ऑइल हवेतली ओल शोषतं. झाकणाखालचा रबरी पडदा हवा आणि ऑइल यांची गाठ पडू देत नाही, पण रबरी नळ्यांतूनही ओल मुरत राहते. कोऱ्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा लागतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावरच्या चाचणीत 155 अंशांची मर्यादा आहे. गाडी किती चालली याचा याच्याशी फार संबंध नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उभ्या गाडीतही हे चालू असतं.

आता पाचगणीत हॉटेलवर रात्रभर चार्ज करून 100 टक्के भरलेली बॅटरी घेऊन सकाळी पसरणी घाटाने वाईकडे निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा. भरलेली बॅटरी आणखी वीज घेऊ शकत नाही, त्यामुळे मोटरची मदत आटते. 1,800 किलोची गाडी सुमारे 600 मीटर खाली उतरते तेव्हा जवळपास 3 किलोवॉट-तास ऊर्जा सुटते. हवेचा आणि टायरचा रोध सोडला तर बाकीची बरीचशी पॅड आणि डिस्कमध्येच उष्णता होते. वर्षानुवर्षं निवांत असलेले ब्रेक अचानक पूर्ण ताकदीने लागतात, तेही जुन्या, पाणी मुरलेल्या ऑइलवर. कॅलिपरमध्ये त्याची वाफ झाली तर ब्रेक नीट लागणार नाही. अशा घाटाआधी 80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवणं सोपं आहे.

म्हणूनच काही गाड्यांत ही डबी पुढच्या डिकीच्या प्लास्टिक आवरणाखाली दडवलेली पाहिली की मला राग येतो. डबी अर्धपारदर्शक करतात ती झाकण न उघडता पातळी आणि रंग दिसावा म्हणून. आवरणात एक छोटी खिडकी ठेवायला फार खर्च नाही. फ्लोट फक्त किती ऑइल आहे ते सांगतो. ते कसं आहे हे सांगणारा ओल मोजणारा सेन्सर डबीतच बसवावा, असं मला वाटतं. तोवर दर सर्व्हिसला उत्कलनबिंदू किंवा पाण्याचं प्रमाण मोजून द्या, असा आग्रह गाडीमालकानेच धरायला हवा, मीटरवर किलोमीटर कितीही कमी दिसत असले तरी.