‘सँक्शन’ : मंजुरी की निर्बंध?

‘कर्ज सँक्शन झालं’ म्हटलं की आपल्याकडे पेढे वाटतात. तोच शब्द इराणच्या किंवा रशियाच्या बातमीत आला की अर्थ होतो निर्बंध. त्यामुळे परदेशी जाणारं पत्र आमच्याकडे तपासायला आलं आणि त्यात ‘सँक्शन’ दिसलं, की आम्ही तिथे थांबतोच.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ पवित्र, अभंग ठरवणं. ‘सेंट’ (संत) हा शब्दही त्याच कुळातला. पुढे अर्थ झाला कायदा, फर्मान. आपल्यामागे मुलीलाही गादी मिळावी म्हणून ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्यातल्या सम्राट सहाव्या चार्ल्सने १७१३ साली काढलेल्या फर्मानाला ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ म्हणतात ते म्हणूनच. कायदा मान्यता देतो आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही करतो. शब्दाने दोन्ही अर्थ उचलले. ॲबिसिनियावरच्या (आजच्या इथिओपियावरच्या) हल्ल्यानंतर १९३५ मध्ये राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्सने) इटलीवर लादले ते सँक्शन्स, आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने आपल्यावर लादले तेही.

नाम अनेकवचनी असेल आणि आसपास ‘इम्पोज’, ‘लिफ्ट’, ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल, तर निर्बंध. ‘विथ द सँक्शन ऑफ’ अशी एकवचनी रचना असेल तर संमती. खरी गोची क्रियापदात आहे. ‘द बोर्ड सँक्शन्ड द पेमेंट’ म्हणजे पैसे मंजूर. ‘द बोर्ड सँक्शन्ड द ऑफिसर’ म्हणजे अधिकाऱ्यावर कारवाई. कर्म माणूस, कंपनी किंवा देश असेल तर वाचणारा बहुधा दंडच समजतो. विशेषणाचंही तेच: ‘स्टेट-सँक्शन्ड’ म्हणजे सरकारमान्य, पण ‘सँक्शन्ड बँक’ म्हणजे निर्बंधांच्या यादीतली बँक. आपली बँक ‘सँक्शन्ड’ असल्याचं कौतुकाने परदेशी पुरवठादाराला कळवलंत, तर माल बंदरातच अडकेल!

आमचा सल्ला साधा आहे. बाहेरच्या पत्रात मंजुरीसाठी ‘अप्रूव्ह’ वापरा. मात्र शैक्षणिक कर्जाच्या ‘सँक्शन लेटर’चं नाव बदलू नका, ते बँकेच्या कागदाचं नाव आहे, व्हिसाच्या अर्जात जसंच्या तसं लिहावं. सरकारी ‘सँक्शन्ड स्ट्रेंग्थ’ म्हणजे मंजूर पदं, तिथेही हात लावायचं कारण नाही.

आमच्याकडे मजकूर तपासायला देताना तो कोणत्या देशात जाणार आहे, हे पहिल्या पानावर लिहा. त्यावरून शब्द ठरवणं आम्हाला सोपं जातं.