सामनला दुर्मीळ पिसांचीच माशी लागते का?

सामन (सॅल्मन) मासा पकडण्यासाठी गळावर बांधायच्या कृत्रिम माशीचे पंख दुर्मीळ परदेशी पक्ष्यांच्या पिसांचेच असावे लागतात, हा समज व्हिक्टोरियाकालीन ब्रिटनपासून चालत आला आहे. १८९५ साली मासेमारीवर लिहिणारे जॉर्ज केल्सन यांनी अशा माश्यांच्या कृती तपशीलवार छापल्यावर तो अधिकच पक्का झाला. वस्तुतः अटलांटिक सामन प्रजननासाठी नदीत शिरल्यावर जवळजवळ काहीच खात नाही, त्यामुळे माशी खाद्यासारखी हुबेहूब दिसावी, हा मुद्दाच उरत नाही.

जोडपंखाची, म्हणजे वेगवेगळ्या पिसांच्या पट्ट्या जोडून केलेल्या पंखाची, करामतही पक्ष्याच्या दुर्मीळपणात नाही. पिसाच्या तंतूंना सूक्ष्म आकडे असतात आणि वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या कडेला कड लावून बोटांनी हलकेच चोळल्या की त्या एकमेकींत अडकतात. मात्र एका पंखातील सर्व पट्ट्या पिसांच्या एकाच बाजूच्या, म्हणजे सगळ्या डाव्या किंवा सगळ्या उजव्या, असाव्या लागतात. टर्की किंवा हंसाची रंगवलेली पिसे हे काम चोख करतात.

तरीही २००९ मध्ये इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली आणि त्यांतील बरीच पिसे माशी बांधणाऱ्या शौकिनांना विकली गेली. ही हौस काचेच्या कपाटासाठी होती, असेच म्हणावे लागेल, कारण नदीवर आज खारीच्या किंवा हरणाच्या शेपटीच्या केसांच्या माश्या सर्रास वापरल्या जातात आणि सामन त्यांनाही लागतो.